लोणारला मुक्काम करून पक्षी कसे पाहाल?

नांदगाव खंडेश्वरहून समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरलं की लोणार जवळच. उल्कापाताने तयार झालेलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर २०२० पासून रामसर स्थळ आहे. नांदूर मध्यमेश्वरनंतर राज्यातलं दुसरं.

मुक्काम का करायचा?
पक्ष्यांची लगबग पहाटे आणि संध्याकाळी जास्त असते. गावात पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे.

काय दिसेल?
हिवाळ्यात पाण्यावर चक्रवाक, टिबुकली, काठाच्या चिखलात शेकाट्या आणि झाडीत मोर.

काय जपायचं?
जून २०२० मध्ये पाणी घटलं, खारटपणा वाढला आणि सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झालं. पाण्याचा तोल इतका नाजूक आहे. त्यामुळे काठावर साबण, प्लास्टिक नको. फोटोसाठी पक्ष्यांना उडवू नका, दुर्बीण न्या.