एकदा चाप ओढला की किती गोळ्या?

१३ सप्टेंबर १९४८. पहाटे नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल भारतीय सैन्याच्या हाती आला, सकाळी नऊला जळकोट, आणि दुपारी सव्वातीनला चिलखती पथक उमरग्यात पोचलं. रझाकारांचा प्रतिकार फार टिकला नाही. रणगाड्यांची गोष्ट आपण दर १७ सप्टेंबरला ऐकतो. पायदळाच्या रायफलीची कुणी सांगत नाही.

ती होती थ्री-नॉट-थ्री. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायचा. संथ, पण एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटणार हे नक्की, कारण पुढची गोळी सैनिक स्वतः भरायचा. १९६२ला चीनसमोरही आपल्या बहुतेक जवानांकडे हीच रायफल होती.

त्यानंतर एसएलआर आली. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि बेल्जियन रायफली सुट्या करून, अभ्यासून ती आपल्याकडे तयार झाली. इथे गोळी झाडल्यावर तयार होणारा वायूच बोल्ट मागे ढकलतो आणि पुढची गोळी भरतो. अडचण अशी की तोवर सैनिकाचं बोट चापावरच असतं. मग रायफलीने थांबायचं कसं? त्यासाठी आत एक छोटा आकडा असतो. बोट सुटेपर्यंत तो घोड्याला धरून ठेवतो. अर्धस्वयंचलित रायफल आणि मशीनगन यांतला फरक म्हणजे हा आकडा. तो झिजला, स्प्रिंग सैल पडली, मळ साचला, की एका दाबात दोन गोळ्या जातात, किंवा एकही नाही. दोष दिसतो चापात, पण मूळ कधी गोळीत, कधी मॅगझिनमध्ये, कधी थंडीने घट्ट झालेल्या तेलात असतं. म्हणून एकेक कारण बाद करत जावं लागतं.

पुण्याच्या एआरडीईने घडवलेल्या इन्सासमध्ये हे काम आणखी अवघड झालं. एकदा चाप ओढून एक गोळी, किंवा कळ फिरवून तीन. म्हणजे आता रायफलीला मोजताही यायला हवं. १९९९च्या कारगिल युद्धात थंडीने तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकली, रायफली अडकल्या, तेल जवानांच्या डोळ्यांत उडालं, आणि तीनवर ठेवलेली रायफल न थांबता झाडत सुटल्याच्याही तक्रारी आल्या. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या. मिनिटाला सहाशेच्या वेगाने त्या दोन सेकंदांत संपतात. मग शत्रूसमोर रिकामी रायफल.

ऑगस्ट २००५मध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत नेपाळचे ४३ सैनिक मारले गेले. नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने इन्सासला दोष दिला. भारतीय दूतावासाचं उत्तर होतं: वापर चुकीचा झाला, आम्ही प्रशिक्षण देऊ.

सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही ‘युजर एरर’ म्हणतो. कधी ते खरंही असतं. पण ते शेवटचं उत्तर असायला हवं, बाकी सगळी कारणं तपासून झाल्यावरचं. पहिलंच उत्तर ते दिलं, की शोध तिथेच थांबतो.

इन्सासमध्ये पुढे सुधारणा झाल्या. २०१९ला सैन्याने ७२,४०० सिग सॉअर रायफली मागवल्या, आणि अमेठीजवळ कोरव्यात एके-२०३चा कारखाना उभा राहिला. रायफली बदलतील. तक्रार करणारा जवान मात्र उमरग्यासारख्याच एखाद्या तालुक्यातून आलेला असेल. तो ‘बंदूक थांबली नाही’ म्हणाला, तर आधी बंदूक उघडून बघायला हवी.