रात्रीच्या रक्ताची कुळकथा

हत्तीरोगासाठी रक्त घ्यायचं ते रात्रीच. जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग, म्हणजे 1981 पासूनचा सिंधुदुर्ग, हा या रोगाचा ओळखीचा मुलूख. तिथे तपासणीला कर्मचारी निघतात ते घरोघरची जेवणं उरकल्यावर. झोपमोड झालेली म्हातारी माणसं करवादतात, 'दिवसा यायला काय झालं?' त्याचं उत्तर सापडलं चीनमध्ये.

रोग जुनाच. सुश्रुतसंहितेत तो 'श्लीपद' म्हणून येतो आणि साचल्या पाण्याच्या, बारमाही गारव्याच्या प्रदेशाशी त्याचं नातंही तिथे सांगितलेलं आहे. निरीक्षण चोख, पण रोग घडवणारा जंत दिसायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. 1863 साली पॅरिसमध्ये डेमार्के यांना तो अंडवृद्धीच्या पाण्यात दिसला, 1866 साली ब्राझीलमध्ये वुखेरर यांना दुधाळ लघवीत, 1872 साली कलकत्त्यात टिमथी लुइस यांना रक्तात.

पॅट्रिक मॅन्सन तेव्हा आमॉय, आजच्या शियामेन बंदरात डॉक्टर होते. त्यांच्या माळ्याच्या रक्तात हे जंत होते. 1877 साली त्यांनी त्याला डासांच्या खोलीत झोपवलं, रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडले आणि फाडून पाहिले. आत जंत वाढत होते! आजची नीतिसमिती असा प्रयोग पहिल्याच बैठकीत फेटाळेल.

रात्रीचं कोडं उलगडलं ते त्यांच्या दोन सहायकांमुळे. एक दिवसा रक्त तपासायचा, दुसरा रात्री, आणि रात्रवाल्याला जंत कितीतरी जास्त सापडायचे. मॅन्सननी मग त्याच रुग्णांचं रक्त रात्रंदिवस ठरावीक तासांनी पाहिलं. संध्याकाळी जंत वाढू लागत, मध्यरात्रीच्या सुमारास कळस, सकाळी जवळजवळ नाहीसे. दिवसा ते फुफ्फुसांच्या बारीक वाहिन्यांत दडून असतात, हे पुढे कळलं. हा रोग पसरवणारा क्यूलेक्स डासही रात्रीच चावतो. 1881 साली लंडनमध्ये मॅकेन्झी यांनी रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागवलं, तेव्हा जंतांनीही आपली वेळ बदलली.

एका बाबतीत मात्र मॅन्सन फसले. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन रोग होतो, असं ते समजत. 1900 साली लो यांना डासाच्या सोंडेतच जंत दिसले, आणि पिण्याच्या पाण्यावरचा आळ गेला. संडासाच्या टाकीच्या पाइपाला जाळी बांधा, असं आज आरोग्यसेवक सांगतात ते क्यूलेक्स घाण पाण्यात वाढतो म्हणून.

तपासणी अजून तशीच साधी. बोट टोचून वीसेक घन मिलीमीटर रक्त काचपट्टीवर जाड पसरायचं, वाळलं की पाण्यात धरून लाली उतरवायची, मग रंग द्यायचा. भिंगाखाली पाव मिलीमीटरचा जांभळा, वळसे घेतलेला जंत दिसतो.

आता डीईसी या जंतांवरच्या औषधाची गोळी दिली की काही जंत दिवसाही रक्तात येतात. जंताचं प्रतिजन, म्हणजे त्याने रक्तात सोडलेली खूण, तपासणारी पट्टी तर कुठल्याही वेळी चालते. पण ती सांगते मोठ्या जंताबद्दल. रक्तात फिरणारी, डासाच्या पोटात जाणारी त्याची पिल्लं नीट मोजायची, तर आजही रात्रीच दार वाजवावं लागतं.