आधी खतावणी, मग नोट

माझे बाबा एका सहकारी बँकेत लेजरवर बसायचे. पैसे काढायची स्लिप आली की ग्राहकाच्या हाती पितळी टोकन ठेवायचं, खात्याचं पान काढून रक्कम वजा करायची, शिल्लक मांडायची. मग ती स्लिप साहेबांच्या सहीला आणि तिथून कॅशियरकडे. टोकनचा नंबर पुकारला की नोटा. 17 जून 2016 रोजी इथेरियमच्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, काय घडलं, ते मला या काउंटरमुळे कळलं.

'द डीएओ' हा लोकांनी ईथर, म्हणजे इथेरियमचं चलन, घालून उभा केलेला निधी. कारभार सगळा स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे साखळीवर चढवलेल्या प्रोग्रामवर. त्यात ईथर आधी बाहेर जायचं आणि शिल्लक नंतर शून्य व्हायची. त्या दिवशी पलीकडे घेणारा माणूस नव्हता, दुसरा प्रोग्राम होता. ईथर हातात पडताच तो त्याच क्षणी पुन्हा मागायचा. खात्यावर जुनीच शिल्लक दिसायची, मग पुन्हा मिळायचं. सुमारे 36 लाख ईथर असं गेलं. ते परत मिळवायला जुलैमध्ये साखळीच दुभंगली. दोन ओळींचा क्रम चुकला होता, एवढंच.

टेस्ट तेव्हाही लिहीत. त्यासाठीचं ट्रफल हे साधन 2015 मध्येच आलं होतं. मी 2018 साली पुण्यात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचं आणि तपासायचं काम शिकले, तेव्हा गनाश हे साधन चालू केलं की आपल्याच लॅपटॉपवर एक खोटी साखळी उभी राहायची, दहा खाती, प्रत्येकात 100 ईथर. मी जीव लावून टेस्ट लिहायचे. पण माझे दहाही खातेदार सज्जन! भरायचे, काढायचे, हिशेब जुळायचा. चोर कसा वागेल हे तपासायचं तर चोराचंही कॉन्ट्रॅक्ट आपणच लिहावं लागतं, हे डीएओने आमच्या धंद्याला शिकवलं. मी पहिलं तसं कॉन्ट्रॅक्ट लिहिलं आणि माझीच तिजोरी चौथ्या फेरीत रिकामी झालेली पाहिली, तेव्हा हात थंड पडले. एकदा साखळीवर चढलेला कोड खोडून दुरुस्त करता येत नाही. टेस्ट हीच शेवटची संधी.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि काय गं, टोकन नसलेलाच कोणी काउंटरच्या आत येऊन बसला तर?"

नेमकं तेच 6 नोव्हेंबर 2017 रोजी झालं होतं. पॅरिटी या कंपनीची शेकडो वॉलेट एका सामायिक लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर टेकलेली होती आणि त्या लायब्ररीला मालकच नेमलेला नव्हता. एक तिऱ्हाईत तिचा मालक झाला, त्याने ती मिटवून टाकली. पाच लाखांहून अधिक ईथर गोठलं, कोणालाच काढता येईना. वॉलेटं नीट चालत होती, त्यामुळे लायब्ररीचं दार थेट ठोठावून पाहायचं राहून गेलं.

पुढे टेस्टची नवी साधनं आली: हार्डहॅट आलं, 2021 च्या अखेरीस फाउंड्री आलं. फाउंड्रीत टेस्टही सॉलिडिटीत, म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्याच भाषेत लिहिता येते. टेस्टच्या फंक्शनला रक्कम नुसती पॅरामीटर म्हणून दिली, की फाउंड्री मुद्दाम काही ठरवलेलं नसतानाही 256 वेगवेगळे आकडे टाकून पाहतं. शून्य, एक, अवाढव्य. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण माझ्या डोक्यात सज्जन आकडेच आधी येतात.

तरी नवी फाइल उघडली की पहिली टेस्ट मी हाताने लिहिते: अनोळखी पत्ता, परवानगी नाही, मालकाचं फंक्शन थेट बोलावायचं, व्यवहार रिव्हर्ट, म्हणजे रद्द, झालाच पाहिजे. टेस्टचं नाव 'बिनाटोकन'. टीममधली बंगळुरूची मुलंही आता तेच नाव वापरतात.