खर्जाला आवाज कसा मिळाला?

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम चालू आहे. अकरावीतला एक विद्यार्थी बेस गिटार घेऊन आला आहे. चार जाड तारांचे हे वाद्य वाद्यवृंदात खर्जाची बाजू सांभाळते. बेससाठी लागणारा खास अँप्लिफायर काही कुणाकडे नाही. म्हणून तो वायर थेट सभागृहातल्या मिक्सरला जोडतो. आवाज येतो, पण गोधडीखालून आल्यासारखा. मिक्सरची बटणे कितीही फिरवली तरी तार छेडल्याची खणखणीत सुरुवात काही ऐकू येत नाही.

मग त्याचा मित्र पिशवीतून एक चपटी पेटी काढतो. पायाने चालवायच्या या पेटीला 'मल्टी-इफेक्ट्स पेडल' म्हणतात. प्रतिध्वनी, घुमारा, खरखर, थरथर असे आवाजाचे कितीतरी खेळ तिच्यात भरलेले असतात. मित्र ते सगळेच्या सगळे बंद करतो आणि पेटी गिटार व मिक्सर यांच्या मध्ये जोडतो. आवाज एकदम मोकळा होतो!

सगळे खेळ बंद, तरीही फरक पडला. मग पेटीने केले तरी काय? उत्तर शोधायचे तर आपल्याला जवळजवळ शंभर वर्षे मागे जावे लागेल.

ऐकू न येणारा खर्ज

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या नृत्यवृंदांमध्ये खर्जाचे काम 'डबल बास' करत असे. हे माणसाच्या उंचीचे लाकडी वाद्य उभे धरून वाजवतात. त्याच्या सर्वात जाड तारेची वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर या स्वराची तरंगलांबी ८ मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. एवढ्या लांब लाटा हवेत जोरकसपणे उठवायला वाद्याची पेटी अपुरी पडते.

त्यात आपला कानही खर्जाच्या बाबतीत जरा मंदच. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले. हळू आवाजांच्या बाबतीत, १००० हर्ट्झचा स्वर जेवढा मोठा भासतो तेवढाच ४० हर्ट्झचा भासायला हवा असेल, तर हवेतल्या दाबाचे चढउतार, आजच्या मापनांनुसार, शंभर पटींहूनही मोठे असावे लागतात. पितळी वाद्ये आणि ढोल यांच्या गदारोळात बासवाल्याची बोटे हलताना दिसत, ऐकू मात्र काही येत नसे.

सुटकेचा मार्ग फॅरेडेने १८३१ मध्येच दाखवून ठेवला होता. वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. अमेरिकेत जॉर्ज बोशां आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी या तत्त्वावर बनवलेली गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात तारेच्या कंपनांचे विद्युतरूप उमटते. या भागाला 'पिकअप' म्हणतात.

बासलाही हाच उपाय करून पाहण्यात आला. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच आडवा धरून वाजवण्याचा विजेवरचा बास बनवला, पण तो फारसा चालला नाही. एव्हरेट हल हा स्वतः बासवादक. वाद्य ज्या खुंटीवर उभे राहते, त्या खुंटीतच त्याने मायक्रोफोन बसवला. त्या 'अँप्लिफाइड पेग'वरूनच पुढे 'अँपेग' हे कंपनीचे नाव आले. अखेर १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडरने 'प्रिसिजन बास' आणला. भरीव लाकूड, चार तारा आणि मानेवर धातूच्या पट्ट्या. पट्ट्यांमुळे स्वर अचूक लागे, म्हणून नाव 'प्रिसिजन'. फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! पुढच्याच वर्षी त्याने 'बासमन' हा अँप्लिफायरही बाजारात आणला.

एका पेटीत दोन कामे

अशा अँप्लिफायरमध्ये खरे तर दोन यंत्रे असतात. पिकअपमधून येणारा संकेत साधारण दशांश व्होल्टच्या आसपास असतो. उलट, ८ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट शक्ती द्यायची तर सुमारे २८ व्होल्ट लागतात. ही ताकद पुरवतो तो शक्तिवर्धक. त्याच्या आधी बसतो तो पूर्ववर्धक. वादक त्याला 'प्रीअँप' म्हणतात. क्षीण संकेत स्वीकारणे, त्याला थोडे मोठे करणे आणि त्यातला खर्ज-तीव्र यांचा तोल राखणे ही त्याची कामे.

यातले 'स्वीकारणे' हे काम सर्वात दुर्लक्षित, आणि आपल्या कोड्याची किल्ली तिथेच आहे. पिकअप म्हणजे बारीक तारेचे प्रचंड वेटोळे. उदाहरणादाखल त्याचा रोध १० किलोओहम आणि प्रवर्तकत्व ६ हेन्री धरू. वेटोळ्याचा अडथळा वारंवारतेबरोबर वाढत जातो. ४१ हर्ट्झला प्रवर्तकत्वामुळे येणारा अडथळा अवघा दीड किलोओहम असतो. ४००० हर्ट्झला तोच सुमारे १५० किलोओहम होतो. आता हे पिकअप मिक्सरच्या १० किलोओहमच्या प्रवेशाला जोडा. खर्जाचा जवळजवळ निम्मा दाब मिक्सरपर्यंत पोचतो. ४००० हर्ट्झचा मात्र जेमतेम सात टक्के! बाकीचा वेटोळ्यातच खर्ची पडतो. प्रवेशाचा रोध १० लाख ओहम असता, तर दोन्हींपैकी जवळपास काहीच गमावले गेले नसते.

कुणी म्हणेल, वाद्य खर्जाचे. ४००० हर्ट्झ गेले तर बिघडले कुठे? पण कोणतीही तार केवळ एका वारंवारतेने कंप पावत नाही. ४१ बरोबर ८२, १२३, १६४ असे पटीतले अधिस्वर उमटतातच. तंबोऱ्याची तार छेडल्यावर त्यातून निघणारे इतर स्वर आपण ऐकलेले असतात. वाद्याची ओळख या अधिस्वरांतून पटते. लहानशा रेडिओचा स्पीकर ४१ हर्ट्झ नीट वाजवूच शकत नाही, तरी खालचा स्वर आपल्याला 'ऐकू' येतो, कारण अधिस्वरांमधल्या अंतरांवरून मेंदू मूळ स्वर ताडतो. वरचे गेले की खालच्याचाही ठाव हरवतो. ही झाली आपली गोधडी.

फेंडरच्या काळी हा प्रश्न वादकांना जाणवलाच नव्हता. त्या अँप्लिफायरमध्ये व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका असत. व्हॉल्व्हची जाळी जवळजवळ प्रवाह घेतच नाही. समोरच्या दाबाकडे ती नुसती 'पाहते' म्हणा ना. पुढे ट्रान्झिस्टर आले. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टरांना मात्र काम करायला प्रवाह लागे, आणि पिकअपवर त्यांचा भार पडे. क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर स्वस्तात मिळू लागल्यावर ही अडचण दूर झाली.

प्रीअँपचा प्रवास

अँप्लिफायर टाळून गिटार थेट ध्वनिमुद्रण यंत्रणेला जोडायची इच्छा लवकरच झाली, कारण स्पीकरचा आवाज दुसऱ्या वाद्यांच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन या अव्वल बासवादकाचा आवाज असाच थेट घेतला जाई. मधे एक रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवलेली 'डायरेक्ट बॉक्स' नावाची डबी असे. गिटारच्या बाजूने ती मोठा रोध दाखवी आणि यंत्रणेच्या बाजूने लहान.

त्यानंतर प्रीअँप वाद्याच्या पोटातच शिरला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील अलेंबिकने तसे बास बनवले, आणि १९७६ च्या 'म्युझिक मॅन स्टिंगरे'ने ही कल्पना सर्वदूर नेली. तिच्यात नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटे मंडल होते. या कामामागेही लिओ फेंडर होताच.

याच काळात एक गंमत घडत होती. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा संकेत दिला की तो लाटेची टोके गोलसर कापतो आणि नवे अधिस्वर जन्माला येतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकांना मात्र तो फार आवडला. बासमन तर बाससाठी बनलेला, पण त्याचा हा 'दोष' गिटारवाल्यांनी उचलला. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२-६३ च्या सुमारास तयार झालेला पहिला मार्शल अँप्लिफायर बासमनच्याच मंडलावरून बेतलेला होता. बासवाल्यांसाठी १९६९ मध्ये अँपेगने ३०० वॅटचा 'एसव्हीटी' काढला. त्याच्या जोडीला दहा इंची आठ स्पीकरांचे कपाट. आवाज भारदस्त, पण हे सारे जिन्यावरून चढवायला माणसे लागत.

तेव्हा प्रश्न आला, तो आवाज हवा पण ते वजन नको, असे जमेल का? अँड्र्यू बार्टाने १९८९ मध्ये 'सॅन्सअँप' ही छोटी पेटी आणली. नावाचा अर्थच 'अँपशिवाय'. व्हॉल्व्हच्या वागण्याची नक्कल तिने ट्रान्झिस्टरच्या मंडलांनी केली. १९९८ मध्ये लाइन-सिक्स कंपनीच्या 'पॉड'ने तीच नक्कल आकडेमोडीने केली.

दुसरीकडून परिणाम घडवणाऱ्या पेट्या आल्या. १९६२ मध्ये 'फझ-टोन' आली, पाठोपाठ 'वाह-वाह' आणि इतर. एकेका परिणामाला एकेक पेटी, मधे वायरींचे जंजाळ आणि प्रत्येक जोडाला थोडा गोंगाट. अंकीय चिप स्वस्त झाल्यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस या सगळ्या एका खोक्यात आल्या. आजच्या मल्टी-इफेक्ट्स पेडलमध्ये प्रवेशालाच एक मंडल असते. त्याचा रोध बहुधा लाखांत, पुष्कळदा १० लाख ओहम. मग संकेताचे दर सेकंदाला चाळीस हजारांहून अधिक वेळा मोजमाप होते, त्या आकड्यांवर गणिते होतात आणि शेवटी आकड्यांचा पुन्हा विद्युतदाब होतो. बाहेर पडताना पेटीचा स्वतःचा रोध साधारण एक किलोओहम किंवा कमी. ती मिक्सरच्या १० किलोओहमला जोडली तरी नव्वद टक्क्यांहून अधिक दाब पोचतो, तोही सर्व वारंवारतांचा सारखाच.

म्हणजे स्नेहसंमेलनातल्या पेटीने आवाजात काही घातले नव्हते. आधी जे गळत होते, ते तिने गळू दिले नाही. खेळ बंद असले तरी प्रीअँप चालूच होता.

वापरताना चार गोष्टी

पेटी मिक्सरला जोडायची असेल तर तिच्यातली 'स्पीकर-कपाटाची नक्कल' चालू ठेवावी. खऱ्या बास-स्पीकरला जोडताना ती बंद करावी, नाहीतर एकाच आवाजावर दोन कपाटांचा साज चढतो. अँप्लिफायर असल्यास, मागे सोय असेल तर, पेटी सरळ त्याच्या शक्तिवर्धकाच्या प्रवेशात जोडावी. नाहीतर एकापुढे एक दोन प्रीअँप होतात. बॅटरीवाल्या बासचा संकेत मोठा असतो, म्हणून प्रवेशाची पातळी कमी ठेवावी. आकड्यांची कमाल मर्यादा ओलांडली की लाटेची टोके गोलसर नव्हे, तर सपाट छाटली जातात आणि आवाज कर्कश होतो. आणि गणिताला लागणारा वेळ? तो सहसा काही मिलिसेकंदांचा असतो. तीन मिलिसेकंदांत ध्वनी हवेत एक मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून एक-दोन पावले मागे उभे राहिल्यासारखेच.

वर्गात करून पाहा

नऊ व्होल्टची बॅटरी घ्या. १० लाख ओहमचे दोन रोध एकसरीत जोडा. प्रत्येकावर साडेचार व्होल्ट असायला हवेत. आता स्वस्तातला काट्याचा मल्टिमीटर १० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून एका रोधावरचा दाब मोजा. अशा बऱ्याच मीटरांचा रोध या पट्टीवर २० किलोओहम असतो. काटा ०·२ व्होल्टच्याही अलीकडे राहील! दुसऱ्या रोधावरही तेवढाच. मग उरलेले साडेआठ व्होल्ट गेले कुठे? आता एक कोटी ओहम रोधाचा अंकीय मीटर लावा. तो सुमारे ४·३ दाखवेल.

व्होल्टमीटरचा रोध खूप मोठा असावा, हे वाक्य आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले ते पाठ करतात. पहिल्या मीटरने जे मोजायचे तेच मोडले. मिक्सरनेही त्या मुलाच्या बासचे हेच केले होते. वर्गात एखादा गिटारवाला विद्यार्थी असेल, तर पुढच्या वेळी हे वाक्य त्यालाच समजावून सांगायला सांगा.