तज्ज्ञांची यादी : प्लेग कमिशन ते भोर समिती

सरकारी समितीचा अहवाल हाती आला म्हणजे आपण बहुधा शिफारशींची पाने आधी उघडतो. आरंभी सभासदांची नावे, पदव्या आणि हुद्दे छापलेले असतात. ती यादी कोणी वाचीत नाही. आम्ही मात्र आज आपल्यापुढे ती यादीच वाचणार आहोत. प्रजेच्या आरोग्याविषयी सल्ला घेण्यासाठी सरकारने माणसे निवडली तेव्हा 'जाणकार' कोणाला म्हटले, आणि त्या निवडीमुळे समितीला काय दिसले व काय दिसले नाही, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात मुंबईपासून करू. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात विचित्र तापाचे रोगी आढळू लागले. हा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे. मांडवीत व्यवसाय करणारे. रोग्याच्या खाटेजवळ बसून निदान करणारे डॉक्टर. पुढे मार्च १८९७ मध्ये सरकारने मुंबईसाठी प्लेग समिती नेमली. तिचे अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर. त्यांच्यासोबत म्युनिसिपल कमिशनर स्नो, लष्करी वैद्यकातले सर्जन-मेजर डिमॉक आणि इंजिनियर जेम्स. एक शिपाईगडी, एक मुलकी अधिकारी, एक डॉक्टर व एक गटारे बांधणारा! साथ म्हणजे स्वारी आणि घाण म्हणजे शत्रू, ही समजूत या चार नावांतच वाचता येते. मुंबईची गल्ली आणि तिथले माजघर ज्याला आतून ठाऊक आहे असा माणूस त्यांत नाही. समितीने कष्ट कमी केले असे कोणी म्हणणार नाही. पण घरोघर झडत्या, सक्तीची इस्पितळे आणि विलगीकरणाच्या छावण्या यांनी लोक रोगापेक्षा सरकारलाच अधिक भिऊ लागले, आणि रोगी लपवू लागले. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते या सभागृहात सांगावयास नको. मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगा उसळला.

तेव्हा सरकारला वाटले की आता खरे शास्त्रज्ञ आणावेत. १८९८ साली हिंदुस्थानातील प्लेगच्या चौकशीसाठी कमिशन नेमले गेले. अध्यक्ष एडिंबरोचे प्राध्यापक फ्रेझर, औषधींच्या गुणधर्मांचे गाढे विद्वान. नेटलीच्या लष्करी वैद्यकशाळेतून आलेले राइट हे विषमज्वराच्या लसीवर काम केलेले होते. तिसरे रफर, इजिप्तमधील क्वारंटाइनच्या कारभारातले. उरलेले दोघे, ह्यूएट आणि क्युमिन, हे सिव्हिल सर्व्हिसचे. पाच सभासद, आणि त्यांत हिंदी एकही नाही. साक्षी मात्र पुष्कळ घेतल्या. हा भेद लहान दिसतो, पण तो ध्यानात ठेवावा. साक्षीदार विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि प्रश्न कोणता विचारायचा हे सभासद ठरवितो.

आता गंमत पाहा. कमिशन येण्याच्या थोडे आधी, जून १८९८ मध्ये, कराचीत पास्तर संस्थेच्या पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच लष्करी डॉक्टराने एक साधा प्रयोग केला. प्लेग झालेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर एका भांड्यात ठेवला, आणि मध्ये जाळी घालून निरोगी उंदीर त्याच्याजवळ ठेवला. दोघांचा स्पर्श होऊ नये, पण पिसू उडून जाऊ शकावी, अशी योजना. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. रोग उंदरावरून पिसवेमार्फत जातो, असे सिमोंद सांगत होता. त्याच वर्षी त्याने ते प्रसिद्धही केले. कमिशनने त्याचे मत तपासले आणि त्यात तथ्य नाही असे ठरवून बाजूस सारले.

उंदीर पडू लागले की घर सोडून रानात राहायला जावयाचे, ही कुमाऊं-गढवालच्या डोंगरी लोकांची जुनीच चाल होती. ते लोक निरक्षर असतील, पण मेलेल्या उंदराचा अर्थ त्यांना कळत होता. अशा माणसाला पाच खुर्च्यांपैकी एक द्यावी असे आम्ही म्हणत नाही. फ्रेझर आणि राइट हे काही सुमार लोक नव्हते. परंतु सगळे विद्वान एकाच बाजूने पाहणारे असले म्हणजे त्यांची विद्वत्ता एकमेकांची चूक दुरुस्त करीत नाही, ती पक्की करते.

ती चूक निस्तरावयास आणखी काही वर्षे गेली. १९०५ साली लंडनला सल्लागार समिती बसली. इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट या तिघांची मिळून ती होती. प्रत्यक्ष काम मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत झाले. या वेळी नावलौकिकापेक्षा प्रश्न पाहून माणसे घेतली. ग्लेन लिस्टन हे तर मुंबईच्या पिसवांच्या मागे आधीपासूनच लागलेले होते, आणि हाताखाली हिंदी डॉक्टर होते. पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरला तर आतली गिनिपिगे वाचतात, कारण पिसू कागदालाच चिकटते. अशा खेळासारख्या दिसणाऱ्या प्रयोगांनी सिमोंदचे म्हणणे पक्के ठरले. मधल्या काळात किती घरे धुतली, किती छपरे उतरवली, किती सामान जाळले!

दुसरी यादी १९४३ ची. बंगालमध्ये दुष्काळाने माणसे पटापट मरत होती, महायुद्ध चालू होते, 'चले जाव' नंतर काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. अशा ऑक्टोबर महिन्यात हिंदुस्थान सरकारने आरोग्याची पाहणी व विकास यांसाठी समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. त्यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कुलात व डेक्कन कॉलेजात. सिव्हिल सर्व्हिस, कोचीनची दिवाणगिरी आणि व्हाइसरॉयच्या मंडळातले सभासदत्व, असा त्यांचा प्रवास. वैद्यकाशी संबंध एवढाच की पत्नी डॉक्टर होत्या. डॉक्टरांच्या समितीवर बिनडॉक्टर अध्यक्ष कशाला, असे कोणास वाटेल. आम्हांस ती निवड शहाणपणाची वाटते. डॉक्टरांच्या आपसांतील मानपानात ज्याला पक्ष नाही, तोच त्यांना आवरू शकतो.

सभासदांत कलकत्त्याचे डॉ. बिधनचंद्र रॉय आणि मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार होते. क्षयरोगाचे जाणकार डॉ. उकील होते, इंडियन मेडिकल सर्व्हिसचे प्रमुख हान्स होते, सार्वजनिक आरोग्याचे अध्यापक ग्रँट होते. स्त्रिया होत्या. वकिली पेशाचे पंडित प्रकाशनारायण सप्रू होते. आणि एक नाव आपल्याकडचे, नारायण मल्हार जोशी. भारत सेवक समाजाचे, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे, गिरणगावच्या चाळींतून आयुष्य काढलेले कामगार पुढारी. नाडी पाहण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. एका खोलीत किती माणसे निजतात आणि आजारी कामगाराच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटते, हे मात्र त्यांना ठाऊक होते. ही विद्याही आरोग्याचीच, असे सरकारी यादीने या वेळी मान्य केले.

१९४६ च्या अहवालात त्याचा रंग उतरला आहे. १९३७ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ वर्ष पुरे होण्याआधीच दगावत. न्यूझीलंडात हा आकडा ३१ होता. सुमारे ६३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३००० माणसांमागे एक नर्स. पण अहवाल आकड्यांवर थांबत नाही. दारिद्र्य, बेकारी, घरे, अन्न आणि पाणी यांची वास्तपुस्त तो घेतो, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये असे स्पष्ट म्हणतो. हे सारे एकट्या जोशींमुळे झाले म्हणणे पोरकटपणाचे होईल. पण गॅटेकरसाहेबांच्या चौघांकडून असे पान लिहिले गेले नसते, हे नक्की.

परदेशी विद्वानही बोलाविले होते. ऑक्सफर्डचे राइल, ऑस्ट्रेलियाचे कम्पस्टन, अमेरिकेचे माउंटिन आले. आणि आमच्या धंद्याचा मान राखून सांगतो, १९४४ साली सिगेरिस्ट नावाचे वैद्यकाचे इतिहासकारही आले. पण ते सल्ला देऊन गेले. सही करणारे सभासद ते नव्हते. १८९८ मध्ये जागा नेमकी उलट होत्या.

या यादीतही उणे राहिले. गावोगाव लोक ज्यांच्याकडे जात ते वैद्य आणि हकीम समितीवर नव्हते. देशी वैद्यकाचे मोल ठरविण्याच्या स्थितीत आपण नाही, असे म्हणून समितीने तो प्रश्न प्रांतांवर सोपविला. कमी मुदतीच्या शिक्षणाचे लायसेन्शिएट डॉक्टर पुढे तयार करावेत की नाहीत, यावर तर सभासदांतच फूट पडली. बहुमत म्हणाले, एकाच प्रतीचा पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा. काहींनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. खेड्यात जाणार कोण, हा त्यांचा सवाल होता. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली, तेव्हा तोच सवाल पुन्हा दारात उभा होता.

वैद्यांसाठी सरकारने १९४६ साली निराळी समिती नेमली. तिचे अध्यक्ष कर्नल रामनाथ चोप्रा, पाश्चात्त्य पद्धतीचे औषधिशास्त्रज्ञ, पण देशी वनस्पतींवर हयात घालविलेले. १९४८ मध्ये त्यांनी दोन्ही वैद्यकांचा मेळ घालावा असा अहवाल दिला.