साखळीपासून उपग्रहापर्यंत

एखादें स्थळ पृथ्वीच्या पाठीवर नेमकें कोठें आहे, हा प्रश्न राजाच्या दफ्तरांत, तांडेलाच्या गलबतावर आणि शेतकऱ्याच्या बांधावर सारख्याच निकडीचा ठरला आहे. मात्र त्याचें उत्तर काढण्याचीं साधनें शतकानुशतकें राजसत्तेच्याच हातीं राहिलीं. आज अंगठ्याएवढा, अल्प किंमतीचा जीपीएस ग्राहक लॅपटॉपला जोडला कीं अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील कोणत्याहि शेतांत उभें राहून त्या जागेचे अक्षांश-रेखांश वाचतां येतात. हें सामर्थ्य सामान्य गृहस्थाच्या हातीं कसें आलें आणि त्यावर कोठपर्यंत विसंबावें, हें जाणण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

या प्रांताला मोजणीची परंपरा जुनी आहे. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर १६२६ सालीं मरण पावला. परंतु जमिनीचा मगदूर पाहून सारा ठरविण्याची त्याची व्यवस्था लोकांच्या स्मरणांत पुढें फार काळ राहिली. इंग्रजी अमलांत १८३५ च्या सुमारास शेजारच्या पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं नव्या पाहणीचा पाया घातला, आणि तीच पद्धत पुढें नगरसह दख्खनच्या इतर जिल्ह्यांत पसरली. तिचें मुख्य साधन म्हणजे ३३ फूट लांबीची, १६ आण्यांची साखळी. एक साखळी लांब व एक साखळी रुंद इतकी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शंकू-साखळीचीं हीं मापें आजहि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आणि भाऊबंदकीच्या भांडणांत जिवंत आहेत.

परंतु साखळीनें शेताचा आकार कळतो. तें शेत पृथ्वीवर कोठें आहे, हें कळत नाहीं. तें काम दुसऱ्याच एका उद्योगानें हातीं घेतलें होतें. विल्यम लँबटन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ एक पायारेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. कोन मोजण्याचें त्याचें यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. वीस वर्षांच्या श्रमांनंतर, २० जानेवारी १८२३ रोजीं, विदर्भांतील हिंगणघाट येथें त्यानें देह ठेविला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यानें १८३० सालीं पृथ्वीच्या आकाराचें जें गणित मांडलें, त्यावरच पुढें भारताचे सरकारी नकाशे उभे राहिले.

यानंतरचा पालट आकाशांतून आला. अमेरिकेच्या लष्करानें १९७८ सालीं या मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला, आणि १९९५ सालीं किमान २४ उपग्रहांची योजना पूर्णत्वास गेली. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह स्वतःची वेळ व स्वतःची जागा अखंड कळवीत असतो. संदेश पोहोंचण्यास किती वेळ लागला, यावरून ग्राहक अंतर काढतो. तीन अंतरांवरून जागा ठरावी; परंतु ग्राहकाचें घड्याळ स्वस्त असतें आणि त्यांत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. म्हणून ती चूक पकडण्यास चौथा उपग्रह लागतो. प्रारंभीं नागरी उपयोगाचा संकेत बुद्ध्याच बिघडवून दिला जाई आणि चूक १०० मीटरांपर्यंत जाई. एक एकराच्या चौरसाची बाजू जेमतेम ६४ मीटर. तेव्हां त्या काळचा ग्राहक मनुष्याला त्याच्याच शेताबाहेर उभा करूं शकत असे. मे २००० मध्यें हा निर्बंध उठला, आणि स्वस्त ग्राहकाला खरा अर्थ आला.

असा ग्राहक लॅपटॉपला जोडणें अवघड नाहीं. यूएसबीच्या खांचेंत बसविलेलें हें यंत्र बहुधा जुन्या पद्धतीचें सीरियल पोर्ट म्हणून ओळखलें जातें. नकाशाच्या प्रोग्रामला त्या पोर्टाचा क्रमांक आणि संदेशाचा वेग, पुष्कळदां ४८००, एवढें सांगावें लागतें. पहिल्या वेळीं मोकळ्या आकाशाखालीं धीर धरावा लागतो. कारण सर्व उपग्रहांचें संपूर्ण पंचांग उतरण्यास साडेबारा मिनिटें लागतात. त्यानंतर पडद्यावर अंकांच्या ओळी वाहूं लागतात, आणि येथेंच नवशिक्याची फसगत होते. नगर शहराचा अक्षांश सुमारें १९ अंश ५.७ कला आहे. ग्राहक तो १९०५.७ असा लिहितो. हा आंकडा १९.०५७ अंश असा वाचला, तर शहर चार किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस सरकतें. त्याचें खरें दशांश रूप १९.०९५ अंश असें आहे.

दुसरा धोका नकाशाचा. एव्हरेस्टच्या गणितावर काढलेला जुना नकाशा आणि उपग्रहांचें आधुनिक गणित यांचे पाये भिन्न आहेत. हा भेद प्रोग्रामला सांगितला नाहीं, तर नगर जिल्ह्यांत स्थळ शंभराहून अधिक मीटरांनीं ढळतें. यंत्र निर्दोष असतें, नकाशाहि निर्दोष असतो. दोष दोहोंच्या जोडणींत राहतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांकरितां निघालेले नकाशे आधुनिक गणितावर आहेत. जुन्यांच्या बाबतींत मात्र सावधगिरी हवीच.

या साऱ्याचें तात्पर्य गुंठ्याच्याच मापानें सांगतां येतें. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारें १० मीटर. स्वस्त ग्राहक मोकळ्या जागेंतहि कांहीं मीटर चुकतो. झाडाखालीं किंवा अकोलें तालुक्यांतील कळसूबाईच्या, १,६४६ मीटर उंच डोंगराच्या, कड्यालगत त्याहून अधिक. वाट शोधण्यास, विहिरींची व पाझर तलावांची नोंद ठेवण्यास तो उत्तम आहे. बांध ठरविण्यास तो अपुरा आहे. कारण त्याच्या चुकींत कोणाचा तरी अर्धा गुंठा बुडूं शकतो. म्हणूनच भूमि अभिलेख खात्याचे भूकरमापक आतां रोव्हर नांवाचें जें यंत्र वापरतात, त्याला कायम बसविलेल्या, स्थान आधींच ठाऊक असलेल्या केंद्रांकडून सुधारणा मिळत राहते आणि चूक कांहीं सेंटिमीटरांवर येते. जिल्ह्यांतील एखादा सुशिक्षित तरुण लॅपटॉप घेऊन गांवीं गेला आणि पडद्यावरील बिंदु दाखवून चुलत्याला बांध सरकविण्यास सांगूं लागला, तर त्यानें आधीं विचार करावा. त्या बिंदूभोंवतीं चुकीचें जें वर्तुळ असतें तें पडद्यावर पुष्कळदां उमटत नाहीं; भावकींतली तेढ मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहते.