कचारगड किती जुनं?

"पुरातन" म्हटलं की आपल्याला दगड आठवतो. शिलालेख, खांब, फार तर ताम्रपट. गोंदियाजवळच्या नागऱ्याचं हेमाडपंती शिवमंदिर दाखवलं की कोणीही मान डोलावतो, जुनं आहे बुवा! पण त्याच जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. ती कोणी बांधली नाही, कोणी कोरली नाही, डोंगरातच तयार झाली. गोंड समाजाच्या दृष्टीने ते त्यांचं उगमस्थान. आता याचा काळ कसा ठरवायचा?

आधी कथा थोडक्यात. माता कली कंकालीच्या तेहतीस मुलांना शंभूने या गुहेत कोंडलं आणि तोंडावर प्रचंड शिळा लावली. पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवायचं ठरवलं. हिरासुका पाटालीर नावाच्या वादकाने किंगरी वाजवली, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली. मुलं सुटली, पण शिळेखाली हिरासुका गेला. पुढे लिंगोने या मुलांना शिकवलं, गोत्रं आणि लग्नाचे नियम घालून दिले. म्हणजे धर्माच्या मुळाशी एका कलावंताचा बळी! मला हा भाग फार आवडतो.

ही कथा छापून आली त्याचीही एक गोष्ट आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप, स्कॉटिश मिशनरी. त्यांनी गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या परधानांकडून लिंगोची गाथा उतरवून घेतली. 1863 साली ते नदीत बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातही कोंडणारा महादेवच आहे, गुहाही आहे, शिळाही आहे. पण ती गुहा हिमालयाकडची, आणि निसटलेले चौघे गोंड "काचीकोपा लोहागड" नावाच्या जागी जातात. ही जागा नेमकी कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कचारगडला येणारे लोक म्हणतात, हीच ती.

म्हणजे एकाच गाथेच्या दोन व्हर्जन. यातली ओरिजिनल कुठली? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. मौखिक परंपरेत मास्टर कॉपी नसते. हिस्लॉपना सापडलं ते एका काळचं, एका गायकाचं गाणं. ते कागदावर उतरलं म्हणून बाकीची खोटी ठरत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आज माघ पौर्णिमेला कचारगडला जी मोठी यात्रा भरते, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लोक येतात, "जय सेवा"चा गजर होतो, ती या रूपात 1980च्या दशकात उभी राहिली. नागपूरचे भाषा-अभ्यासक मोतीरावण कंगाली (1949-2015) आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यात मोठा वाटा. मग लोक म्हणतात, "अरे, हे तर कालपरवाचं! यात कसला इतिहास?"

इथे मला जपान आठवतं. इसे इथलं शिंतो मंदिर जगातल्या प्राचीन देवस्थानांत गणलं जातं. पण त्याचं लाकूड किती जुनं? दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर तेच मंदिर नव्याने बांधतात. परंपरेनुसार 690 साली सुरुवात झाली, 2013 मध्ये 62वी खेप झाली. आणि गंमत म्हणजे 15व्या-16व्या शतकात युद्धांच्या धामधुमीत हे चक्र शंभरहून जास्त वर्षं बंद पडलं होतं. पुन्हा सुरू केलं ते माणसांनीच, ठरवून. तरी इसेला कोणी "कालपरवाचं" म्हणत नाही. नारा प्रांतातल्या ओमिवा मंदिरात तर मुख्य गाभाराच नाही. समोरचा मिवा डोंगर हाच देव. आपल्याकडे गोंडांचा देव साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात असतो, तसंच.

मग जपानला जी सवलत देतो ती सालेकशाला का नाही? माझं उत्तर कडू आहे. जपानकडे लेखी नोंदी होत्या आणि त्या सांभाळणारी राजसत्ता होती. गोंडांकडे देवगड-चांद्याची राज्यं होती, ती गेली. गाथा उरली परधानांच्या गळ्यात. स्वतःचा इतिहास स्वतः लिहायची संधी मिळाली ती फार उशिरा, कंगालींच्या पिढीला.

याचा अर्थ प्रत्येक दावा डोळे मिटून मान्य करा असा नाही हं. कचारगड ही "आशियातली सर्वात मोठी नैसर्गिक गुहा" असं सर्रास सांगतात. ते काही खरं नाही. व्हिएतनामची सोन डूंग आशियातच आहे आणि ती पाच किलोमीटरहून लांब आहे. पण कचारगडला त्या विक्रमाची गरजच काय? तिचं मोठेपण मीटरमध्ये मोजायचं नाहीये.

असो. जायचं असेल तर गोंदिया-दुर्ग मार्गावर दरेकसा स्टेशन आहे, तिथून धनेगाव, मग जंगलातून चढण. यात्रेत गेलात तर फोटो जरा कमी काढा आणि कोणी म्हातारा गाथा सांगत असेल तर शेजारी बसून ऐका. त्याची व्हर्जन हिस्लॉपशी जुळली नाही तरी मध्येच टोकू नका.